पिकअप गाडीच्या हीटरची गळती व ती घरच्या घरीं दुरुस्त करण्याची रीत

मोटारीच्या हीटरविषयीं शेतकी मासिकांत लिहिण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. आपल्या प्रांतांत मनुष्य उन्हाच्या तापापासून सुटण्यासाठीं झाडाची सावली शोधतो. गाडींत बसून अंगाला ऊब घेण्याची हौस येथें कोणास असणार? आमचेंही मत दोन वर्षांपूर्वीपर्यंत असेंच होतें. आमच्या एक टन भाराच्या पिकअप गाडीच्या हीटरची कळ आम्हीं ती गाडी घेतल्यापासून क्वचितच फिरविली असेल. परंतु जो भाग आपण वापरीत नाहीं तो झिजत नाहीं, ही समजूत आम्हांस बरीच महाग पडली. म्हणून ही हकीकत व तींतून शिकलेली रीत येथें देत आहों.

सन २०२४ च्या श्रावणांतील गोष्ट. कोथिंबीर व मेथीच्या जुड्या आणि वर टोमॅटोचे कांहीं कॅरेट असा माल भरून रात्रीं दहाच्या सुमारास आम्ही ओतुराकडून माळशेज घाटानें कल्याणच्या बाजारास निघालों. गाडी आमचा पुतण्या चालवीत होता. घाटाच्या तोंडाशीं धुकें लागलें व कांच आंतून पाणावूं लागली, म्हणून त्यानें हीटर व पंखा चालू केला. त्याबरोबर कांच स्वच्छ होण्याऐवजीं तिजवर पांढुरका थर चढला. फडक्यानें पुसावा तों तो अधिकच पसरे. “काका, हें साधें पाणी नव्हे. हाताला तेलकट लागतें आहे,” असें तो म्हणाला. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे त्या थरांत असे फुटत कीं, डोळ्यांपुढें नुसता उजेडाचा लोळ दिसे. एका अंगास पाझरणारा कडा, दुसऱ्या अंगास दरी, आणि मध्यें आम्ही आंधळ्यासारखे! अखेरीस पंखा बंद करून, खिडकीबाहेर डोकें काढून, पावसाचा मार खात पुतण्यानें गाडी पावलापावलानें खालीं उतरविली. त्या रात्रीं आम्ही फारसें बोललों नाहीं.

घाट उतरून टोकावड्याच्या अलीकडे आल्यावर दुसरें संकट उभें राहिलें. इंजिनाच्या उष्णतेची सुई चढूं लागली. गाडी बाजूस घेऊन थांबविली. तेथेंच विसावलेल्या एका मालमोटारीच्या चालकानें आमच्या पायांखालची चटई चाचपून पाहिली, बोटें हुंगलीं व तो म्हणाला, “भाऊ, तुमच्या हीटरची कॉइल फुटली. सगळें पाणी आंत येतें आहे.” त्यानें तासभर इंजिन निवूं दिलें. मग हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्या काढून, त्यांचीं तोंडें आपल्याजवळच्या लोखंडी नळीच्या तुकड्यानें एकमेकांस जोडलीं आणि वर क्लिपा आवळल्या. आमच्या डब्यांतील पाणी भरून आम्ही पुढें निघालों. परंतु कल्याणास पोहोंचेपर्यंत चांगला भाव निघून गेला होता, आणि कोथिंबीर तर माना टाकून बसली होती.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या गळतीची सूचना आम्हांस पंधरा दिवस आधींच मिळाली होती. आमच्या वहिनी एकदां गाडींतून तालुक्यास गेल्या असतां म्हणाल्या होत्या, “गाडींत काकवीसारखा गोडसर वास येतो.” आम्हांस वाटलें, मागें कधीं गुळाच्या ढेपी नेल्या होत्या त्यांचा असेल. पुढें चटई ओली दिसूं लागली तेव्हां गाडी एका दुरुस्तीच्या कारखान्यांत दाखविली. तेथें ‘पावसाचें पाणी कांचेखालच्या जाळींतून आंत उतरतें’ असें सांगून त्यांनीं कांहीं फटी बुजविल्या, कमी झालेलें कूलंट भरून दिलें आणि पैसे घेतले. कूलंट कमी कां झालें हें त्यांनीं विचारलें नाहीं, व आम्हींही विचारलें नाहीं.

आतां हा हीटर म्हणजे काय, तें पाहूं. इंजिन निववून तप्त झालेलें पाणी समोरच्या रेडिएटरांत जाऊन थंड होतें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच पाण्याचा एक लहान फांटा दोन रबरी नळ्यांवाटे इंजिन व बैठकीची खोली यांमधील पत्र्यांतून आंत आणलेला असतो. डॅशबोर्डच्या मागें एका पेटींत वहीच्या आकाराची बारीक नळ्यांची व पातळ पात्यांची जाळी असते. कारागीर हिलाच हीटर कॉइल म्हणतात. तींतून गरम पाणी फिरतें आणि पंखा तिच्यावरून वारा सोडतो. बहुतेक गाड्यांत हीटर बंद केला तरी केवळ वाऱ्याची वाट बदलते. पाणी जाळींतून फिरतच राहतें. कांहीं गाड्यांत पाणी अडविणारी तोटी असते, तेथें गोष्ट निराळी. म्हणजे आपणांस ऊब नको असली तरी जाळी रोज तापते, रोज निवते, रोज दाब सोसते, आणि तिला छिद्र पडलें म्हणजे इंजिनाचेंच पाणी गळतें. गाडीखालीं थेंबही न दिसतां टाकींतील पातळी उतरत जाते, तें यामुळेंच.

हीटर आपल्याकडे अगदींच निरुपयोगी आहे असेंही नाहीं. घाटांतील पावसांत कांचेवरील वाफ घालविण्यास गरम कोरड्या वाऱ्यासारखा उपाय नाहीं. शिवाय चढणीवर भरलेल्या गाडीचें इंजिन फार तापूं लागलें तर हीटर व पंखा पूर्ण उघडावा, म्हणजे ती जाळी दुसऱ्या लहान रेडिएटराचें काम करते. बसणाऱ्यांचा जीव कासावीस होतो खरा, पण इंजिन वांचतें. जाळी शाबूत असेल तरच हा उपाय करावा, हें सांगावयास नकोच.

जाळी फुटते कां? बहुधा आंतून गंजून. “आपल्याकडे बर्फ पडत नाहीं, मग कूलंटवर पैसा कां घालावा?” असें म्हणून पुष्कळजण विहिरीचें किंवा बोअरचें पाणी ओततात. आम्हींही उन्हाळ्यांत कित्येकदां तेंच केलें होतें. परंतु कूलंटचें काम केवळ पाणी गोठूं न देणें एवढेंच नाहीं. निम्मे कूलंट व निम्मे पाणी यांचें मिश्रण मोकळ्या भांड्यांत सुमारें १०७ अंश सेल्सिअसला उकळतें, म्हणजे साध्या पाण्यापेक्षां सात अंश उशीरा. त्याहून महत्त्वाचें म्हणजे त्यांत धातूचा गंज रोखणारीं द्रव्यें असतात. हीं द्रव्यें कालांतरानें खर्च होतात, म्हणून कूलंट ठराविक मुदतीनें बदलावें लागतें. बोअरच्या जड पाण्यांतील क्षार चहाच्या पातेल्यांत जसे बसतात तसेच ते या केसासारख्या वाटांत बसतात. त्या पाण्यांतील क्लोराइड अल्युमिनियमला बारीक भोंकें पाडतें. रेडिएटर मोठा, उघड्यावर असलेला, म्हणून त्याकडे लक्ष जातें. ही जाळी अंधारांत.

गळती ओळखण्याच्या खुणा वर आल्याच आहेत: गोडसर वास, कांचेवर तेलकट थर, ओली चटई आणि उतरणारी पातळी. मात्र घाई करूं नये. ए.सी. असलेल्या गाडींत नळी तुंबली तर थंड पेटींतलें पाणीही चटईवर येतें. पण तें निर्मळ, बिनवासाचें असतें. पावसाचें पाणीही बोटांना बुळबुळीत लागत नाहीं. संशय उरल्यास पांढरा कागद टिपून पाहावा. कूलंटचा हिरवा, गुलाबी किंवा जो रंग असेल तो उमटतो.

रस्त्यावरच्या तात्पुरत्या उपायांत नळ्या परस्पर जोडण्याचा वर सांगितलेला उपाय उत्तम. तसें करून गाडी महिनोन् महिने चालूं शकते. फक्त कांच पुसण्याची सोय जाते. रेडिएटरमध्यें हळद टाकण्याची जुन्या चालकांची युक्ति व बाजारांत मिळणाऱ्या गळती बुजविणाऱ्या पुडी-बाटल्या यांबद्दल आमचें मत चांगलें नाहीं. जें द्रव्य भोंक बुजवितें तेंच जाळीच्या अरुंद वाटाही बुजवितें, आणि कोणती वाट आधीं बुजवावी हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें.

घरीं परतल्यावर आम्हीं दुरुस्तीचा अंदाज काढविला, तों मजुरीचा आंकडा जाळीच्या किंमतीच्या तिपटीवर गेला. यांत कारागिराचा लोभच असतो असें नाहीं. जाळी स्वस्त, पण तिच्यापर्यंत पोहोंचावयास वेळ फार लागतो. आणि कामाच्या खोळंब्यांत असलेल्या शेतकऱ्यापाशीं पावसाळी दिवसांत वेळच तेवढा असतो. म्हणून हें काम आम्हीं व पुतण्यानें वाड्यांतच केलें. दोन दिवस लागले. सराईताला अर्धा दिवस पुरेल.

आरंभीं एक मर्यादा सांगतों. आमच्या गाडींत ए.सी. नाहीं, व पेटीची एक बाजू सामानाचा कप्पा काढल्यावर मोकळी होते. जाळी तेथूनच सरकून बाहेर येते. कांहीं गाड्यांत सबंध डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ए.सी.च्या गाडींत पेटी काढण्यासाठीं गॅसच्या नळ्या उघडणें भाग पडत असेल, तर गॅस यंत्रानें काढून घेण्याचें काम माहितगाराकडूनच करवावें. तो दाबाखालचा गॅस हातांवर व डोळ्यांवर आला तर गोठवून इजा करतो. आपल्या गाडीची रचना कशी आहे हें तिच्या पुस्तकांत अगोदर पाहावें व मगच पान्यास हात घालावा.

इंजिन रात्रभर निवूं द्यावें. गरम असतां रेडिएटरचें झांकण उघडणाऱ्याचें तोंड भाजल्याचीं उदाहरणें खेड्यापाड्यांत थोडीं नाहींत. बॅटरीची ऋण तार सोडवावी. समोर एअरबॅग असलेल्या गाडींत त्यानंतर कांहीं मिनिटें थांबूनच डॅशबोर्डला हात लावावा. मग रेडिएटरच्या तळाची तोटी उघडून सर्व पाणी पसरट भांड्यांत काढावें.

आणि येथेंच आमच्या हातून जी चूक झाली ती लिहिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. पाणी काढून आम्हीं भांडें गाडीखालींच ठेविलें व न्याहारीस गेलों. परत आलों तेव्हां आमचा वाघ्या कुत्रा तोंड चाटीत उभा होता. भांडें फारसें उणें दिसलें नाहीं, म्हणून आम्हीं तिकडे दुर्लक्ष केलें. दुपारीं तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊं लागला, ओकला, पाणी पुष्कळ प्याला. संध्याकाळीं तो जरा सावरल्यासारखा दिसला, म्हणून आम्हांस हायसें वाटलें. दुसरे दिवशीं त्यानें अन्न सोडलें, तिसरे दिवशीं लघवी बंद झाली व त्याच रात्रीं तो गेला. पशुवैद्यांस बोलाविलें तें दुसरे दिवशीं. ते म्हणाले, पहिल्या कांहीं तासांत आणलें असतें तर उपाय होता.

पुष्कळशा कूलंटमध्यें एथिलीन ग्लायकॉल असतें. तें चवीला गोड, म्हणून जनावर आपण होऊन चाटतें. आणि पोटांत गेल्यावर त्यापासून जें आम्ल होतें त्याचे चुन्याशीं मिळून खडे होतात व ते मूत्रपिंडांत अडकतात. मधेंच जनावर सुधारल्यासारखें दिसतें, पण ती सुधारणा खोटी. कुत्र्यास थोडेसे चमचे पुरतात, मांजरास त्याहूनही कमी. मोठ्या गुरांपेक्षां दुधावरच्या वासरांस तें अधिक बाधतें. लहान मुलांविषयीं निराळें सांगण्याची जरूर नाहीं. प्रॉपिलीन ग्लायकॉलचें कूलंट यामानानें पुष्कळच सौम्य असतें. परंतु गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जातीचेंच घालावें लागतें. आमच्या वाड्यांत आतां कूलंट काढावयाचें तें झांकणाच्या डब्यांत, जनावरें बांधून. सांडलेल्यावर माती टाकून ती माती उचलावयाची व जागा भरपूर पाण्यानें धुवावयाची. जुनें कूलंट ओढ्यांत, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर ओतूं नये. डब्यावर नांव घालून जो कारखाना जुनें तेल-कूलंट घेतो त्याकडे द्यावें.

असो. पाणी काढल्यावर पत्र्यांतून आंत जाणाऱ्या दोन नळ्यांच्या क्लिपा सोडवाव्या. कोणती नळी कोठली याची खूण आधींच करावी. जुनी नळी चिकटून बसलेली असते. ती ओढून वा पक्कडीनें पिळून काढूं नये, कारण त्या जोरानें जाळीचें तोंड वांकतें व आंत पेटीही फुटते. धारदार पात्यानें नळी लांबीच्या दिशेनें चिरावी आणि सालीसारखी सोलून काढावी. नळ्या नव्याच घालावयाच्या, मग जुन्यांची कीव कशाला? त्यानंतर एका तोंडाशीं भांडें धरून दुसऱ्या तोंडांतून हलकेच वारा फुंकावा, म्हणजे जाळींतलें उरलेलें पाणी बाहेर येईल. नाहींतर तें चटईवर सांडतें.

आंतल्या कामांत बळापेक्षां शिस्त लागते. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं पुतण्या मोबाइलवर त्याचें छायाचित्र घेई, व त्या भागाचीं मळसूत्रें निरनिराळ्या वाट्यांत ठेवी. घरांतील वाट्या संपल्या तेव्हां वहिनींनीं कुरकुर केली, पण पुढें एकही मळसूत्र उरलें नाहीं व एकही कमी पडलें नाहीं. जुन्या प्लॅस्टिकच्या खुंट्या थंडीच्या सकाळीं कडक होऊन तुटतात, म्हणून ऊन पडल्यावर त्या काढाव्या.

जाळी बाहेर आली तेव्हां तिच्या एका कडेला हिरवट-पांढरा क्षार साचलेला दिसला. छिद्र तेथेंच होतें, सुईच्या अग्राएवढें. नवी जाळी जुनीशेजारीं ठेवून नळ्यांची लांबी, वांक व जाडी ताडून पाहावी. आमची पहिली जाळी नळीच्या वांकांत चुकली होती व परत न्यावी लागली. बसविण्यापूर्वीं एक तोंड बंद करून, दुसऱ्यानें सायकलच्या पंपानें थोडासा वारा भरून ती बादलींत बुडवून पाहावी. बुडबुडे आले तर दुकानदाराकडेच परत. जाळीभोवतीं फोमची पट्टी असते. ती कुजलेली असल्यास नवी लावावी, नाहींतर वारा जाळींतून न जातां बाजूनें निसटतो व हीटर अर्धाच लागतो.

नवी जाळी जोडण्यापूर्वीं इंजिनाकडील नळ्यांतून स्वच्छ पाणी उलटसुलट सोडून गाळ काढावा. आमच्या गाडींतून विटकरी रंगाचें पाणी निघालें. तें निर्मळ होईपर्यंत पुष्कळ बादल्या गेल्या. हा गाळ तसाच राहिला तर नवी जाळी वर्षभरांत जुनी होते. त्यानंतर नव्या नळ्या चढवाव्या, क्लिपा मळसूत्राच्या तोंडाशीं न ठेवतां नळीच्या फुगीर कंकणामागें बसवाव्या व बेतानें आवळाव्या. आंतली आवराआवर मात्र इतक्यांत करूं नये. आधीं पाणी भरून गळती पाहावी, मग कप्पा लावावा.

भरणा करतांना गाडीचें तोंड चढाकडे ठेवावें, म्हणजे आंतला वारा वर येऊन रेडिएटरच्या तोंडाशीं निघतो. हीटरची कळ पूर्ण गरमाकडे फिरवावी. कूलंट व डिस्टिल्ड पाणी निम्मेनिम्म मिसळून हळूहळू ओतावें. तयार मिश्रण विकत घेतलें असेल तर त्यांत आणखी पाणी घालूं नये. झांकण उघडें ठेवून इंजिन संथपणें चालवावें. थर्मोस्टॅट उघडला म्हणजे पातळी एकदम खालीं जाते व बुडबुडे येतात. तेवढें पुन्हां भरावें. रबरी नळ्या हातानें दाबल्या तर अडलेला वारा सुटतो. हीटरमधून गरम वारा येऊं लागला, म्हणजे जाळींत पाणी फिरतें आहे असें समजावें. वारा थंडच राहिला व सुई मात्र चढूं लागली, तर कोठेंतरी हवा अडकली आहे. इंजिन बंद करून निवूं द्यावें व पुन्हां भरावें. एक सूचना येथेंच देऊन ठेवतों: पाणी फारच कमी झालें असतां सुईचा भरंवसा धरूं नये. तिची कांडी पाण्याबाहेर उघडी पडली कीं, इंजिन जळत असतांही ती स्वस्थ बसते. तसें झाल्यास हेडचें गॅस्केट जातें व हेड वांकतें, आणि त्या खर्चापुढें जाळी, नळ्या, कूलंट व मजुरी हें सर्व मिळूनही किरकोळ ठरतें.

आम्हीं पहिल्या दिवशीं गाडी ओतूर ते आळेफाटा एवढीच नेऊन आणली व रात्रभर निवूं देऊन सकाळीं टाकी पाहिली. पातळी बोटभर उतरली होती. ती अडकलेली हवा. तेवढें भरलें. चटईखालीं कोरडें फडकें घालून ठेविलें होतें, तें कोरडेंच निघालें. चवथ्या दिवशीं टोमॅटो भरून पुन्हां माळशेजनें गेलों. धुकें तसेंच होतें. पुतण्यानें हीटर उघडला, कांच खालून वर हळूहळू निवळत गेली, आणि काकवीचा वास आला नाहीं.